आयलीच्या तिपाईची साक्ष

"तुला तोंड उघडायला कोणी सांगितलं होतं?" आयली म्हणाली.

"अगं, तुझ्या भल्यासाठीच बोललो ना मी," वेंडल म्हणाला.

"माझं भलं मी बघते. तू तुझी कॉफी बघ, निवतेय."

फोटोग्राफी क्लबच्या मासिक बैठकीत, चर्चच्या तळघरात, हे भांडण जुंपलं तेव्हा मी दाराशी ओल्या कोटांच्या रांगेत टेकून उभी होते. मी तिपाई बोलतेय, आयली कांगसच्या कॅमेऱ्याची. हल्ली सगळे ॲल्युमिनियमच्या काटकुळ्या पायांवर भाळलेत. भाळू देत. माझे पाय लाकडाचे आहेत आणि मी आजवर कोणाचा कॅमेरा पाडलेला नाही.

मला आयलीच्या नवऱ्यानं, रेनोनं घडवलं. तो लाकडी स्की बनवायचा. उरलेल्या चिवट लाकडाचे माझे पाय झाले. डोकं पितळी, कुठल्याशा मोजणीदाराच्या मोडक्या यंत्राचं. आयलीला फोटो काढायला कोणी शिकवलं नाही. सौनाची खिडकी गोधडीनं झाकायची आणि त्या वाफेच्या न्हाणीघरात फिल्म धुवायची. सुरुवातीच्या सगळ्या काळ्याठिक्कर निघाल्या. माणसं चुकली की कारणं शोधत बसतात. ही पुन्हा रसायन कालवायला घ्यायची.

रेनो गेला आणि मी सौनात सरपणाशेजारी पडून राहिले. कोणी चुलीत घातलं नाही, एवढंच नशीब. मग आयलीचे हात थरथरायला लागले. तिनं मला धुतलं, पुसलं, स्क्रू आवळले. तेव्हापासून तिचे हात म्हणजे मीच.

आणि क्लबनं या महिन्याचं आव्हान दिलं: कॅमेरा हातात धरून, तिपाईशिवाय, संध्याकाळचा फोटो. वेंडल क्लबचा अध्यक्ष. तिला बाजूला घेऊन म्हणाला, "तुला सूट आहे हं, तू लाव तिपाई." आयलीनं घरी येऊन मला कोपऱ्यात उभं केलं, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि एकटी गोठलेल्या सुपीरिअर सरोवराच्या बर्फावर गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशीही. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू?

बैठकीला मात्र तिनं मला सवयीनं सोबत उचलून आणलं, म्हणून फोटो मी तिथंच पाहिला. बर्फाला भोक पाडून मासे धरणाऱ्यांच्या खोपटांचे दिवे, आणि थरथरीनं त्यांचे झालेले धागे, विणकामाची लोकर सुटावी तसे. असे कितीतरी काढून तिनं त्यातला हा एक निवडला होता.

क्लबचा रिवाज असा, की फोटो नावाशिवाय पडद्यावर लागतो. ज्याचा असेल त्यानं मिठाची गुळणी धरायची, बाकीच्यांनी नाव फोडायचं नाही. बाहेरगावचा परीक्षक बोलतो आणि दहापैकी गुण देतो. आजचे परीक्षक प्रेस्नेल म्हणाले, "दिवे ओढले गेलेत. वरचं आभाळ नुसतं रिकामं आहे, ते कापायला हवं होतं. तीन." आयली वेलचीचा पाव चावत ऐकत होती. तोंडावरची सुरकुती हलली नाही.

वेंडललाच राहवलं नाही. "अहो, तो आयलीचा आहे. हात थरथरतात हो तिचे, जरा सांभाळून घ्या."

प्रेस्नेल ओशाळले. चष्मा काढला, पुसला. "असं होय. मग त्यात धाडस आहे. आठ देऊ या." टाळ्या पडल्या. आयली खुर्ची मागे सारून उठली, आणि पुढचं तुम्ही ऐकलंच.

"आठ मिळाले तरी भांडतेस," कॉफी ओतता ओतता क्लबमधली इर्मा म्हणाली. "मला जन्मात मिळाले नाहीत. नको असतील तर इकडे दे."

"तुला देताना निदान फोटो तरी बघतील."

"आम्ही काही दया नाही केली गं," वेंडल पुटपुटला.

"मग टाळ्या कशाला वाजवल्यात? आधी एकाचाही हात हलला नव्हता."

माणसांनो, माझा जन्म आधार देण्यात गेला, म्हणून सांगते. मागेल त्याला आधार जरूर द्या, पण न मागणाऱ्याच्या काखेत कुबडी खुपसू नका. ती मला पुन्हा कधी बर्फावर नेईल की नाही, ठाऊक नाही. बोलावलं तर जाईन. नाही बोलावलं तर कोपऱ्यात ताठ उभी राहीन.

आयली चालत थेट पडद्यापुढे गेली. थरथरते हात तिनं लपवले नाहीत.

"बाई, मी करू तरी काय?" प्रेस्नेलनी विचारलं.

"आभाळाचं पटलं मला, पुढच्या महिन्यात कापून आणीन," ती म्हणाली. "आता ते आठ पुसा, आणि माझे तीन मला परत द्या."