चपलांचा पिक्चर

आमच्या घरात कुणी "चपलांचा पिक्चर" म्हटलं की बाबा उठून बाहेर जायचे. त्याचं असं झालं. आम्ही लहान असताना बाबांनी हौसेने व्हिडिओ कॅमेरा आणला आणि वर्षभर तो गळ्यात घालून मिरवला. लग्नं, वाढदिवस, माझा शाळेचा पहिला दिवस, काही म्हणून सोडलं नाही. मग मामाकडे त्याच्या टीव्हीवर सगळ्यांनी बसून पाहिलं, तर पडद्यावर नुसत्या चपला, फरशी आणि टेबलाचे पाय. बाबा रेल्वेत सिग्नलवर नोकरीला. लाल दिवा म्हणजे थांबलेलं, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला की तो बंद आहे असं समजून ते तो खाली सोडायचे, आणि दिवा विझला की डोळ्याला लावून आम्हाला "हसा, हसा" म्हणायचे. मामा तर हसून हसून लोळला. बाबांनी कॅसेटी ट्रंकेत टाकल्या आणि पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाही.

यंदा बाबांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, पण बोलणं काही परत येईना. बोलणं शिकवणाऱ्या बाई यायच्या, फुलांची आणि प्राण्यांची चित्रं दाखवायच्या. बाबा मान फिरवायचे. बाळासारखं वागवून घेणाऱ्यातले ते नव्हेतच. शेवटी बाई म्हणाल्या, "घरातलं साधं बोलणं ऐकवा त्यांना. त्यांच्याच आवाजातलं असलं तर फारच छान."

आम्ही सगळ्यांचे फोन धुंडाळले. पण फोनवर "हं, ठेव" यापलीकडे न बोलणाऱ्या माणसाचं रेकॉर्डिंग असणार कुठून? मला भीती वाटू लागली होती. त्यांचा आवाज मी विसरत चालले होते. मग मला ट्रंक आठवली.

"वेडी आहेस का?" दादा म्हणाला. "त्यात चपला आहेत."

"आणि चपलांत माणसं नाहीत का? ती बोलत असतील की!"

कॅसेटींची पिशवी घेऊन मी बाजारातल्या दुकानात गेले. तिथे जुन्या कॅसेटींवरून डिस्क करून देतात. दुकानदाराने फितीवरची बुरशी कापसाने हळूहळू पुसली, कॅसेट यंत्रात सरकवली आणि छोट्या टीव्हीकडे बघत बसला. आवाज त्याने बंदच ठेवला होता.

"ताई, यात नुसत्या चपलाच दिसतायत," तो म्हणाला. "काळजी करू नका. असा फुकट गेलेला भाग आम्ही कापून टाकतो. डिस्क कशी स्वच्छ होते."

माझं डोकंच फिरलं. "एक चप्पल जरी कापलीत ना, तर गाठ माझ्याशी आहे! आधी आवाज सोडा."

त्याने घाबरून बटण फिरवलं. खरखर झाली, भांडी वाजली आणि मग बाबा आले. तरुण, खणखणीत. "अगं, थांब जरा. अजून चालू नाही केला मी."

"अहो, लाल दिवा लागलाय की," ही आई.

"लाल म्हणजे बंद! मला शिकवतेस होय?"

मी भर दुकानात रडले. दुकानदाराने कापूस पुढे केला. त्याच्याकडे तेवढाच होता.

रविवारी आम्ही डिस्क लावली. चपला दिसताच बाबांचा चेहरा उतरला आणि हात काठीकडे गेला. आम्ही त्यांची थट्टा करायला बसलोय असंच त्यांना वाटलं. आता हे उठून गेले की पुन्हा काही ऐकायचे नाहीत. पण हसलं कुणीच नाही, दादासुद्धा नाही. तेवढ्यात लाल दिव्यावरचं भांडण सुरू झालं आणि आई फणकारली, "बघा! मी तेव्हाच सांगितलं होतं."

बाबांनी काठी सोडली. ते ऐकू लागले.

पडद्यावर टेबलाचा पाय होता. टीव्हीतल्या आईने विचारलं, "चहा टाकतेय. तुम्हाला किती?" उत्तराऐवजी नुसती खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अर्धा," बाबा म्हणाले.

हे टीव्हीतले बाबा नव्हते, माझ्या शेजारी बसलेले होते. शब्द जड होता, वाकडातिकडा होता, पण स्पष्ट होता. टीव्हीतले बाबा मागाहून बोलले, "अर्धाच दे गं."

दादाने टीव्ही थांबवला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. मला इतका आनंद झाला की काय करावं ते सुचेना, मी बाबांचा हात धरून बसले. आई मात्र उठली आणि स्वयंपाकघरात गेली. पातेलं ठेवल्याचा आवाज आला, नाक ओढल्याचाही आला.

बऱ्याच वेळाने ती कप घेऊन बाहेर आली. काठोकाठ भरलेला. बाबांनी कपाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"जास्त झाला असेल," आई डोळे पुसत म्हणाली, "तर तसं तोंडाने सांगा."