भट्टीसमोरची दहा मिनिटं

"पोपट, घड्यालाकडं बघू नको. सांग, किती वाजलं असंल?" गेटवरच्या घड्याळाला पाठ करून गंगारामनं विचारलं.

भट्टीवरून पाणी प्यायला आलेला पोपट म्हणाला, "अडीच."

"दोनला पाच कमी हायत." गंगारामनं वळून बघितलं आणि दारामागं खडूनं फरकाचा, पस्तीसचा आकडा टाकला.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या त्या काचेच्या कारखान्यात गंगाराम भोंगा वाजवी. मिठागर गेलं, त्याच्या बदल्यात ही नोकरी. आधी जमीन गुंठ्यांत मोजून घेतली, मग माणूस मिनिटांत. पण दिवाळे गावच्या या माणसाला वेगळाच किडा चावला होता. तास एकच, मग सगळ्यांना सारखा का नाही? महिनाभर तो दिसेल त्याला विचारत सुटला. भट्टीवाले कायम पुढची वेळ सांगत, पंख्याखालचे कायम मागची.

आणि एक दिवस नोटीस लागली: जेवणाची सुट्टी तीस मिनिटांऐवजी वीस.

"दहा मिनिटांनी कोण मरतंय?" मॅनेजर म्हणाला.

"सायेब," गंगाराम पुढं झाला, "भट्टीसमोर उभं रावा. तुमचं घड्याल माज्याकडं द्या. दहा झाली वाटली की या."

पन्नास माणसं बघत होती. मॅनेजरनं हसत घड्याळ काढून दिलं आणि भट्टीच्या लाल तोंडापुढं उभा राहिला. परत आला तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता, हसू वाळलं होतं.

"झाली दहा. जास्तच झाली असतील."

गंगारामनं घड्याळ समोर धरलं. चार.

 पोपट म्हणाला, "सायेब, आमी तितं आठ तास असतो."

संध्याकाळी गंगारामच्या हातात चिठ्ठी पडली. उद्धट वर्तन. उद्यापासून येऊ नये. नोटिशीचं काय झालं, ते कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो खाडीकाठी बसला होता. बायको बयाबाई मांदेली वाळवत होती. घरात घड्याळ नव्हतं. सुट्टीच्या एका भोंग्यापासून दुसऱ्यापर्यंत, त्या तीस मिनिटांत, तिची बरोबर तीन चटयांवरची मासळी उलटून होई. दोन वर्षांत त्यात फरक पडला नव्हता.

साडेबाराचा भोंगा झाला. बयाबाई वाकली.

"झाला असंल की तास," गंगाराम म्हणाला.

"एक चटई झालीय. गप बस."

दुसरी चटई संपली. गंगारामनं कारखान्याकडं कान लावला. सुट्टी वीसच मिनिटांची झाली असेल तर आत्ताच वाजेल. भोंगा गप्प. बयाबाई तिसरीकडं सरकली.

"बया, हात उचल ना जरा!"

"माजा हात तुज्यासाटी पलनार नाय."

तिनं शेवटची मांदेली उलटली, आणि पलीकडं भोंगा वाजला. तुटक, घाईघाईत.

गंगाराम उठला. तिच्या पायाशी ठेवलेली रिकामी टोपली त्यानं स्वतःकडं घेतली आणि कारखान्याच्या दिशेनं बघत राहिला.

"नवा मानूस हाय," तो म्हणाला. "बटन लवकर सोडतोय."