शेअर्ड फोल्डर

माझा आणि लेकीचा अबोला आहे, तरी आम्ही बोलतो. मला न विचारता नोकरी धरून ती दूरच्या शहरात गेली, तेव्हापासून घरच्या फोनवर चिडीचूप. मी हट्टी, ती माझ्याहून हट्टी. खाण तशी माती! पण ऑफिसच्या कामाला अबोला लागू नाही, हे दोघींनी न बोलताच ठरवून टाकलंय.

मी घरांचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात काम करते. आमच्या नकाशाच्या प्रोग्रामला जोडायची काही बटणं, म्हणजे ॲड-इन, तिने घरी असताना बनवून दिली होती. एक बटण दाबलं की सगळ्या दारं-खिडक्यांची मापं आपोआप मांडली जातात. ही बटणं प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळी बसवलेली. त्यामुळे जरा सुधारणा केली की तिला मला फोन करावाच लागतो.

परवा साहेब म्हणाले, "बाई, दर वेळी पाच मशीनवर कशाला नाचता? नेटवर्कवर एका शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवा की. अर्थात, ठरवा तुम्हीच. लेक तुमची."

"आणि नेटवर्क बंद पडलं तर?"

"तर नकाशेही उघडत नाहीत. तेही नेटवर्कवरच आहेत."

माझी सबब तिथेच आडवी झाली. नेटवर्क गेलं खड्ड्यात, मला तिचा आवाज हवा होता. "घाई नको, आधी सेव्ह कर," असं ती दटावते ना, ते ऐकायला मी आसुसलेली असते. पण मागच्या खेपेला ती तोंडात घास घेऊन बोलत होती. जेवणाची सुट्टी आमच्या बटणांत चाललेली. माझ्या हौसेपायी पोरीने किती दमायचं?

आज तिचा फोन आल्याबरोबर सांगून टाकलं, "शेअर्ड फोल्डरमध्ये टाक."

"नक्की?" तिने विचारलं. "मग आज शेवटचं प्रत्येक मशीनला ती जागा दाखवून द्यावी लागेल. पुढे मी इथून फाइल बदलली की सगळीकडे बदलेल."

"म्हणजे फोन नको."

"हं. नको."

पहिलं मशीन झालं. सेटिंगमध्ये जायचं, फोल्डरचा पत्ता द्यायचा, प्रोग्राम बंद करून उघडायचा. बटण हजर. दुसरं, तिसरं, चौथं. एरवी अडखळणारी मी, आज कुठे चुकेन तर शपथ! मेलं नको तेव्हा सगळं सुरळीत होतं.

शेवटी माझं मशीन. प्रोग्राम उघडला.

"आलं का बटण?" तिने विचारलं.

बटण समोर होतं, चांगलं ठसठशीत. आता "हो" म्हटलं की संपलं.

"नाही गं," मी म्हणाले. "दिसत नाहीये."

म्हणाले आणि जीभ चावली. बोलताना मी ज्या मशीनवर असेन त्याची स्क्रीन तिच्यासमोर उघडी असते. त्याशिवाय का ती इतक्या लांबून मला वाट दाखवते! कान गरम झाले. आता ही हसणार, नाहीतर चिडणार.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"हो गं आई," ती म्हणाली, "मलाही नाही दिसत. येऊनच बघावं लागेल."