भरती ओसरेपर्यंत

डेरेक स्टॉब्जला त्या सकाळी काय मिळणार होते, ते आधी सांगते. फार तर चार लाटा. एका लाटेवर उभे राहता आले तर दहा श्वास. म्हणजे सगळे मिळून चाळीस श्वासांचा आनंद. त्यासाठी तो फेब्रुवारीच्या समुद्रात उतरत होता. अंगात लोकरीचे दोन स्वेटर, खाली लोकरीची लांब चड्डी, हातात आईचे भांडी घासायचे रबरी मोजे आणि कातडीवर डुकराच्या चरबीचा लेप. सौदा कसा वाटतो, मित्रांनो? मलाही तसाच वाटला होता.

मी एक जुनी शेगडी आहे. जन्माने मात्र मी तेलाचे पिंप. कारखान्यात माझ्या पत्र्याला गोल वळवले, सांधे जोडले आणि निळा रंग फासून मला कोळशाच्या खाणीवर पाठवले. खाणीतल्या यंत्रांनी तीन महिन्यांत माझे पोट रिकामे केले. पुढे दोन वर्षे मी शेडमागे पावसाचे पाणी साठवत पडून होते. तिथून समुद्राचा कोळसा वेचणाऱ्या नेड ट्युलिपने मला त्याच्या तट्टाच्या गाडीत घातले. कुदळीच्या टोकाने त्याने माझ्या पोटाला चोवीस भोके पाडली आणि कड्याच्या पायथ्याशी चार विटांवर मला उभे केले. तो भोके पाडत असताना मी खूप आवाज केला. पण भोके नसती तर माझ्यात आग टिकली नसती, हे मला पहिल्याच दिवशी कळले.

नेड छातीच्या दुखण्याने गेला. मागे त्याची बायको हॅना, तिचे तट्टू बिशप आणि मी, एवढे उरलो.

आमच्याकडे खाणीतला टाकाऊ माल समुद्रात ओतत. समुद्र त्यातले दगड ठेवून घेई आणि हलका कोळसा किनाऱ्यावर परत आणून टाकी. हॅना मांडीभर पाण्यात उभी राहायची आणि लांब दांड्याच्या जाळीने लाटेतून तो ओढून काढायची. नवऱ्याच्या दोन विजारी एकावर एक आणि कमरेला पोते, हा तिचा पोशाख. असे तिने तीस हिवाळे काढले. गोळा केलेला ढीग भरतीच्या रेषेवर ओढून त्यावर पांढरा दगड ठेवला, की त्या ढिगाला कोणी हात लावत नसे. आमच्या किनाऱ्यावर त्या दगडाला कुलपापेक्षा जास्त मान होता.

मग दोन पोरे आली. डेरेक पाववाल्याकडे कामाला होता आणि कॉलिन रेन खाणीवर कामगारांना दिवे वाटायचा. दोघांनी दोन हिवाळे खपून लाकडाची एक पोकळ फळी बनवली होती. वजन म्हणाल तर भरल्या अंगाच्या मेंढीएवढे. ती घेऊन ते लाटांवर उभे राहायला येत. उन्हाळ्यात का नाही, असे हॅनाने विचारले. उन्हाळ्यात समुद्र ताटासारखा सपाट असतो, कॉलिन म्हणाला, उत्तरेचा वारा सुटतो तेव्हाच लाटा उठतात. पाणबुड्यांचे रबरी पोशाख तेव्हा निघाले होते म्हणे, पण ते या दोघांच्या पगारात बसणारे नव्हते.

रविवारी लोक कड्यावर उभे राहून दोघांकडे बघत. केवढी धाडसी पोरे, म्हणत. एकदा वर्तमानपत्राचा माणूस येऊन छायाचित्र काढून गेला. त्याच वेळी हॅना तिथेच, त्याच पाण्यात, जाळी घेऊन उभी होती. छापून आलेल्या चित्रात तिचा फक्त कोपर आला.

माझ्यापाशी शेकायचे तर प्रत्येकाने किनाऱ्यावरचे मिठीभर लाकूड आणायचे, हा हॅनाचा नियम. डेरेक आणायचा. कॉलिन आणायचा अर्धी मिठी, आणि मग बुटाच्या टोकाने तिच्या ढिगातला एखादा खडा माझ्याकडे सरकवायचा. मी पाहायचे. हॅनाही पाहायची.

"कॉलिन रेन," ती मागे न वळता म्हणाली, "तुझ्या बुटाला हात फुटलेत का?"

त्यानंतर कॉलिन पूर्ण मिठी आणू लागला.

तर तो शनिवार. हॅनाचा ढीग सहा पोत्यांचा झाला होता. त्या सहा पोत्यांवर लेडलर शेतकरी बिशपला वसंतापर्यंत पुरेल एवढे गवत देणार होता. पोरे सकाळी पाण्यात शिरली. कॉलिन तासाभरात बाहेर आला. डेरेक तिसऱ्या लाटेवरून पडला आणि फळी त्याला सोडून उत्तरेकडे निघाली. आता पायाला फळीचा दोर बांधतात. तेव्हा तसले काही नव्हते. दोन हिवाळ्यांची मेहनत वाहून चाललेली पाहून डेरेक तिच्यामागे पोहत सुटला. अर्ध्या तासाने त्याने फळी ओढत आणली. तोवर भरतीने कड्याची वाट दोन्ही बाजूंनी बंद केली होती. वर गावात जायचे तर तीन तास थांबणे भाग होते.

डेरेकचे दात माझ्या पत्र्यावर पडणाऱ्या गारांसारखे वाजत होते. कॉलिनने त्याला माझ्यापाशी बसवले. थोड्या वेळाने दात वाजायचे थांबले.

"बघा ट्युलिपबाई, थरथर गेली," कॉलिन खुशीत म्हणाला. "तापला गडी."

डेरेक हसत होता. फार उकडतंय म्हणाला आणि मोजे ओढू लागला. ते निघेनात, तर त्यावरही हसू लागला.

हॅनाने हातातली जाळी टाकून दिली. इतक्या वर्षांत तिला असे करताना मी प्रथमच पाहिले.

"तो तापला नाही," ती म्हणाली. "तो विझतोय. काढ त्याचे ओले कपडे. चाकू घे, काप."

"आईने विणलाय त्याच्या, दोन महिने लागले तिला. ती मारेल त्याला."

"मार खायला उरला तर खाईल. काप."

कॉलिनने स्वेटर कापले. हॅनाने डेरेकला गाडीत निजवले, वर बिशपची घोंगडी टाकली आणि कोरडी होती नव्हती ती सगळी पोती त्यावर घातली. कॉलिन त्याचे हात चोळू लागला, तसा तिने त्याच्या मनगटावर फटका दिला. हातापायांचे नंतर बघू, ती म्हणाली, आधी छाती. मग तिने माझ्याखालच्या दोन विटा काढून माझ्यातच टाकल्या. त्या तापल्या की जाळीने काढून, पोत्यात गुंडाळून डेरेकच्या काखेत ठेवायच्या. तोवर मी उरलेल्या दोन विटांवर कलंडून उभी. विटा दहा मिनिटांत निवत. पुन्हा तापवायच्या, पुन्हा गुंडाळायच्या.

आणलेले लाकूड अर्ध्या तासात संपले. हॅना ढिगाकडे गेली. तिने ढिगाकडे पाहिले, बिशपकडे पाहिले. हे पाहणे एका श्वासाहून जास्त चालले नाही, पण ते झाले, हे मी लपवणार नाही. मग तिने स्वतःच्या हाताने पांढरा दगड उचलून बाजूला ठेवला.

"बघत काय उभा राहिलास, पोरा? आता बुटाने सरकव. हवं तेवढं सरकव."

सबंध आयुष्यात मी तशी पेटले नव्हते. माझे पोट लाल झाले. तिसऱ्या पोत्याला डेरेक नाव विचारले तरी उत्तर देईना. चौथ्याला त्याने स्वतःचे नाव सांगितले, पण आडनाव चुकले. पाचव्या पोत्याच्या शेवटी त्याची हनुवटी हलली, मग खांदे हलले, आणि तो सगळाच्या सगळा थरथरू लागला. कॉलिन घाबरला. हॅना मात्र गाडीच्या चाकाला टेकून बसली. इतका वेळ ती बसली नव्हती.

"फळी कुठाय?" डेरेकने दात वाजवत विचारले.

"फळी आहे," हॅना म्हणाली. "अक्कल शोधतोय आम्ही तुझी."

भरती ओसरली तेव्हा सहावे पोते संपत आले होते. पोराला गाडीत घालून ते वर गेले आणि मागे माझा तळ जळून खाली गळून पडला.

पुढचे सगळे रविवार दोघे हॅनाचा ढीग भरून द्यायला पाण्यात उतरले, फळीशिवाय, जाळी घेऊन. तासाभरात कॉलिनच्या बोटांची मूठ होईना. बाहेर येऊन त्याने विचारले, तुम्हाला सवय झाली असेल ना?

"सवय कसली रे," हॅना म्हणाली. "थंडी रोज नवीच वाजते."

एप्रिलमध्ये वारा पडला, समुद्र निवला आणि कोळसा यायचा थांबला. दोन वर्षांनी पोरांनी रबरी पोशाख घेतले. मग शेकायला कोणाला वेळ उरला नाही. पुढे हॅनाचे गुडघे धरले, त्याच्याही पुढे खाणी बंद झाल्या. मी कड्याला टेकून गंजत राहिले. आताची मुले काळ्या पोशाखांत दिवसभर पाण्यात खेळतात आणि मला कचरापेटी समजून कागदी पेले टाकतात. पेले तळातून वाळूत पडतात. मुले चक्रावतात. मला तेवढीच करमणूक.

मित्रांनो, दोन गोष्टी ध्यानात ठेवा. गारठलेला माणूस थरथरायचा थांबला, तर आनंद मानू नका. त्याचे ओले कपडे उतरवा आणि मोठ्या माणसांना हाक मारा. आणि कोणत्याही शेगडीवर हात शेकताना, तीत कोणाचे काय जळते आहे, तेही पाहा. शेगडीला जपायचे ते तिच्यासाठी नाही, ती पेटती ठेवणाऱ्यासाठी.

त्या शनिवारचा हिशेब असा. डेरेकच्या आईचे दोन महिन्यांचे विणकाम गेले. दोघा पोरांचे नऊ रविवार गेले. बिशपचा अर्धा चारा गेला आणि मार्चपर्यंत त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. माझा तळ गेला. हॅनाची पोती गेली सहा, परत आली चार. उरलेल्या दोन पोत्यांबद्दल ती कधी बोलली नाही, आणि पोरांनाही कधी आठवले नाही.