चाकामागचा धोंडा

ट्रॉली चढावर उभी केली की चाकामागं धोंडा लावायचा आणि निघताना आठवणीनं उचलायचा. याला काही अक्कल लागत नाही. माझ्या उसाच्या ट्रॉलीत दोन हंगाम एकच काळा धोंडा होता, धरायला सोयीचा. त्या दिवशी अंथुर्ण्याजवळ कालव्याच्या चढावर चाक पंक्चर झालं. चाक बसवून होईपर्यंत मागचे ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवून डोकं खात होते, म्हणून घाईनं निघालो. धोंडा राहिला हे कारखान्यावर गेल्यावर कळलं. धोंड्यांना काय तोटा, म्हटलं आणि चहा प्यायलो.

दिवस मावळताना आमच्या सणसरचा सौरभ एमआयडीसीतली पाळी संपवून मोटारसायकलवर येत होता. त्या धोंड्यावर गेला आणि जागीच संपला.

धोंडा कुणाचा, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून रस्त्यात काळं काही दिसलं की मी ट्रॅक्टर थांबवून उतरतो. कधी शेणाचा पो असतो, कधी तुटकी चप्पल. लोक हसतात. मला मात्र घाम फुटलेला असतो.

सावडायला गेलो, दहाव्याला गेलो, मान खाली घालून मागं बसलो. शेवटी महिन्याभरानं सगळं सांगून टाकायचं ठरवून सौरभच्या आईकडं गेलो. सारजाकाकू ओसरीवर एकटीच होती. अंगणाच्या मधोमध तोच धोंडा, धुऊन ठेवलेला.

"कुंडलिका, तेवढा धोंडा भिंतीकडंला ठेव बाबा," काकू म्हणाली. "माझ्यानं उचलवत न्हाय."

मी वाकलो, उचलला, ठेवला.

"किती येळ लागला?"

"कायच न्हाय, काकू."

तिनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला. "ह्यांनी रस्त्यावरनं आणला. भेटाया येणाऱ्या समद्यांना मी उचलाया लावते. कुणी हिकडनं धरतो, कुणी तिकडनं, कुणाच्या हातातनं निसटतो. खालच्या अंगाला बोटं शिरत्याल एवढी खाच हाय. ती कुणालाच गावली न्हाय."

मी माझ्या बोटांकडं पाहिलं.

"तुझा हात सरळ खाचंत गेला."

"काकू, मी त्या दिवशी..."

"मला ऐकायचं न्हाय." तिचा आवाज चढला नाही. "पाणी पी. आन् जाताना तुझा तू घेऊन जा. ट्रॉलीला लागंल."