नर्सबाईचं पान

बदनापुरात नंदाबाईच्या परसातलं ते करड्या, खरखरीत पानांचं झाड सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दवाखान्यातल्या उटीकडच्या नर्सबाईनं बदली होऊन जाताना त्याच्या दोन फांद्या दिल्या होत्या. नाव सेज. ते कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून नर्सबाईचं पानच झालं. पहिली फांदी नंदाबाईनं मायेनं मारली. आंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर, अन् हिलाही तांब्याभर. मुळं कुजून गेली. दुसरी फुटक्या माठात मुरूम नि विटांचे तुकडे घालून लावली, पाण्याचा हात आखडला, तेव्हा कुठं ती जगली.

घसा धरला की त्या पानांच्या पाण्यानं गुळण्या करायच्या. पण बायका यायच्या त्या वेगळ्याच कामाला. लेकराचं अंगावरचं दूध तोडायचं असलं की या पानांचा काढा घ्यायचा, दूध हळूहळू आटायचं. नंदाबाई पानं खुडता खुडता चेष्टा करायची, "लेकराला मिशा फुटायची वाट बघून राह्यली होती का गं?"

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात तिची लेक बेबीनंदा सासरहून, भोकरदनहून आली. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, त्यात विचारायचं काय! मुलगा झाला आणि बारशाच्या आधीच गेला. भेटायला आलेली सासू उठताना एवढंच म्हणाली, "तुमच्या भरोशावर धाडली होती."

दुधाला काय कळतं? ते येतच राहिलं. बेबीनंदाची छाती दगडासारखी झाली, अंगात ताप भरला. दवाखान्यातून गोळ्या आणल्या. तिथंही म्हणाले, दूध आटू द्या. नंदाबाईनं काढा करून पुढं धरला. बेबीनंदानं वाटी बाजूला सारली.

"तेवढंच राह्यलंय माय त्याचं. ते बी तोडती का?"

गल्लीभर हसत वाटलेली पानं, आणि लेकीची वेळ आली तर वाटी उचलून परत चुलीपाशी ठेवावी लागली. तिला त्या झाडाचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला. पण ताप चढतच होता. पदर लागला तरी पोर कण्हायची.

शेवटी तिनं आलं-गूळ घालून चहा केला आणि त्यात काढा मिसळला. बेबीनंदानं कप तोंडाजवळ नेला आणि थांबली. लहानपणापासून ती पानं तिनंच धुतलेली, तो वास चहात थोडाच लपणार! तिनं आईकडे पाहिलं. नंदाबाईनं मान खाली घातली. बेबीनंदानं कप रिकामा केला. दुसऱ्या दिवसापासून चहा तीच मागून घ्यायला लागली.

ताप उतरला. एका दुपारी शेजारच्या केशरबाईचं तान्हं रडायला लागलं. एरवी ते रडलं की बेबीनंदाची चोळी भिजायची आणि ती भिंतीकडे तोंड करून बसायची. आज तिनं पदराखाली हात नेला, चोळी कोरडीच लागली, आणि ती तशीच बसून राहिली. नंदाबाई हातातलं पीठ टाकून धावली. आजवर डोळ्यांतून टिपूस न काढलेली पोर आईच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडली.

"काहीच आलं न्हाई गं माय. आता खरंच गेलं माझं लेकरू."