नसलेल्या जखमेचे पाच टाके

पार्सलच्या सरकत्या पट्ट्यावरून एक दात फिरत होता. काम थांबलं, पट्टा कुणी थांबवला नाही. दात चार फेऱ्या मारून आला.

एका घरात रोज झोपायच्या वेळी शेगडीची बटणं काढून उशीखाली ठेवतात.

माझ्या उजव्या तळहातावर पाच टाके आहेत, अशी नोंद आहे.

“यंत्राला आई नाही, बाप नाही, मेव्हणा नाही! म्हणून यंत्र खोटं बोलत नाही!”

हे शेवटचं वाक्य यंत्रवाल्या साहेबांचं, भर गोदामात, माइकवरून. समोर सहाशे माणसं. गिऱ्हाइकांची यादी, नावं, पत्ते, फोन, सगळी बाहेर फुटली होती. चोर सापडेपर्यंत सुट्ट्या बंद, फाटकावर रोज अंगझडती. माणसं दातओठ खात होती. अशा गर्दीपुढे साहेबांनी ‘साक्षी’ आणून उभी केली: दाराएवढा पडदा, त्यात धडधडणारं निळं वर्तुळ आणि बाईचा गोड आवाज.

“साक्षीबाई, यादी कुणी फोडली?”

वर्तुळ फुगलं. “फोर्कलिफ्टचा चालक. तीन आठवडे झोप नाही. डोळे निखाऱ्यासारखे. कारण कुणाला कळू देत नाही.”

“अरे, डुलक्या!” फोर्कलिफ्टवाला जेवणाच्या सुट्टीत पेंगायचा, म्हणून त्याचं ते नाव.

“यंत्राला झोपेतलंही कळतं रे!”

“मन खातंय त्याला!”

“अरे, ऐका तर...” डुलक्या म्हणाला. पुढचं वाक्य लाकडी फळीने तोंडातच मोडलं. मग बूट, मग आणखी फळ्या. सकाळी त्याच्याच डब्यातलं खाऊन गेलेल्याने त्याच्या बोटांवर टाच ठेवून फिरवली. जबडा दोन ठिकाणी तुटला. साहेब “मारू नका, मारू नका” म्हणत होते, माइक तोंडापासून लांब धरून.

मी कंपनीच्या दवाखान्यातली सिस्टर. रक्त पुसताना कानात एकच शब्द घुमत होता: निखाऱ्यासारखे. तो माझा शब्द होता.

डुलक्याचे वडील भ्रमिष्ट झालेत. गॅस सोडून बसतात, म्हणून हा रात्ररात्र पहारा देतो. कळलं तर फोर्कलिफ्टवरून उतरवतील, म्हणून त्याने ते फक्त मला सांगितलं. मी नोंदवहीत लिहिलं. पण माझं लिहिणं गचाळ, वरचे लोक नाकं मुरडायचे. म्हणून रोज संध्याकाळी सगळ्या नोंदी नावानिशी कंपनीच्या मदतनीस यंत्रात टाकायची आणि म्हणायची, “जरा नीट करून दे.” ते द्यायचं. मला केवढं कौतुक त्याचं!

तो मदतनीस आणि ही साक्षी एकच असावी, हा माझा संशय. पण संशयावरूनच एकाचा जबडा गेला होता. मला पुरावा हवा होता, आणि लवकर. कारण साहेबांनी जाहीर केलं, “शुक्रवारी साथीदाराचं नाव!”

डुलक्याची धाकटी बहीण पॅकिंगमध्ये आहे. तिला तिसरा महिना. कुणाला सांगितलेलं नाही, उलट्या लपवते. तेही मी यंत्राकडून नीट करून घेतलं होतं. ‘लपवते’ या शब्दासकट.

गुरुवारी मी यंत्रात एक नोंद टाकली. माझ्याच नावाची.

शुक्रवारी पुढच्या रांगेतल्यांनी फळ्या डबा आणावा तशा सोबतच आणल्या होत्या. बहीण खांबाशी उभी, दोन्ही हात पोटावर.

“साक्षीबाई, साथीदार कोण? आपल्यापासून कोण काय लपवतंय?”

“दवाखान्यातील सिस्टर. उजव्या तळहातावर खोल जखम, पाच टाके. हात कापतो. कुणाला कळू नये अशी विनंती.”

“अगं बाई! सिस्टर?”

“तरीच त्याचं रक्त पुसायला धावली!”

कुणीतरी टेप लावायचं लोखंडी हत्यार भिरकावलं. माझी भुवई फाटली. डाव्या डोळ्यात रक्त उतरलं. मी उजवा हात वर केला, बोटं पसरून.

“मोजा. पाच टाके. सापडले तर पुढची फळी घाला.”

पॅकिंगचा मुकादम पुढे आला. माझा तळहात अंगठ्याने दाबून, चोळून पाहिला. “ओरखडासुद्धा नाही.”

“दुसरा हात बघा!” साहेब ओरडले. “यंत्राचं डावं-उजवं होतं कधीकधी!”

“डुलक्याच्या वेळी नाही झालं ते,” मुकादम म्हणाला.

मी खिशातला कागद काढून ती नोंद वाचली. शब्दन् शब्द तोच. “ही मी काल दुपारी टाइप केली. खोटी. साहेब, दवाखान्याच्या नोंदी यंत्राला कुणी उघड्या केल्या?”

“सगळंच दिलंय त्याला! जितकं खाईल तितकं हुशार होतं!”

“सगळंच? गिऱ्हाइकांची यादीसुद्धा?”

साहेबांचा माइक खाली आला. पुढे चौकशीत निघालं ते एवढंच: यंत्राला शिकवण्यासाठी साहेबांनी ती यादी बाहेरच्या एका कंपनीकडे धाडली होती, साधा पासवर्डही न लावता. चोर नव्हताच.

त्या क्षणी मात्र फळ्या साहेबांकडे वळल्या. मी मध्ये आडवी आले.

“परत तेच? ऐका. ते यंत्र बघत नाही, ओळखत नाही. आपण भरवलेल्या कागदांतून उत्तरासारखं दिसणारं वाक्य जुळवतं. नाव मागितलं की नाव देतं. ‘ठाऊक नाही’ म्हणायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी दार उघडं टाकलं, नोंदी मी आत ओतल्या आणि हात तुमचे होते. यापुढे हात उचलण्याआधी विचारा, हे तुला कुठून कळलं? यंत्राला विचारा, साहेबांना विचारा, मलाही विचारा. आणि दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेलं यंत्रात टाकायचं असेल, तर आधी त्या माणसाला विचारा.”

पहिली फळी खाली पडली. मग दुसरी. काहींनी नाही टाकली, हातात धरूनच पांगले. पट्टा सुरू झाला. डुलक्याची बहीण माझ्या भुवईवर रुमाल दाबून धरत होती.

त्याच्या झोपेची नोंद मी लिहिण्याआधी डुलक्याने दवाखान्याचं दार आतून लावून घेतलं होतं आणि विचारलं होतं, “सिस्टर, इथलं इथंच राहतं ना?” मी हो म्हणाले होते.